शाळेच्या मापाचा बाक

"हा बाक कुणाच्या मापानं केलास तू?"

मिस्त्री नव्या बाकावर बसले होते आणि त्यांचे गुडघे पार छातीशी आले होते. हातातला चहा कुठं टेकवावा तेही कळेना, कारण लिहायची फळी पोटाच्या खालीच राहिली होती.

"कॉलेजच्या," त्यांच्या हाताखालचा काडी म्हणाला.

"कॉलेजात काय बुटके शिकतात?"

"तुमचे पाय लांब आहेत."

"माझे पाय गेली चाळीस वर्षं एवढेच आहेत. तुला आजच लांब दिसले?" मिस्त्री उठायला गेले, गुडघा फळीला आपटला, अर्धा चहा लेंग्यावर. काडीला हसू फुटलं. ही काही हसायची वेळ नव्हती, पण हसू वेळ विचारून येत नाही. "हास. हास लेका. वीस बाकांची ऑर्डर आहे. हा पहिला बघून बाकीचे सांगणार आहेत ते. पट्टी आण."

"कुठली?"

"सोमवारी कॉलेजात जाऊन केलीस म्हणालास, ती."

मिस्त्रींच्या कारखान्यात टेप होती, फूटपट्टी होती, पण त्यांचा भरवसा पट्ट्यांवर. भिंतीवर खिळ्यांना वीसेक लाकडी पट्ट्या टांगलेल्या. प्रत्येकीवर करवतीनं पाडलेल्या तीन-चार खाचा: बसायची फळी इथे, लिहायची फळी इथे, पाय ठेवायची दांडी इथे. टोकाला रंग. लाल दवाखान्याची, पिवळी ऑफिसची, निळी शाळेची. आकडा विसरतो, खाच विसरत नाही, असं मिस्त्री म्हणायचे. नवीन काम आलं की आधी तिथं जायचं, वस्तूशेजारी कोरी पट्टी उभी धरायची, खुणा करायच्या, खाचा पाडायच्या. मगच लाकडाला करवत.

काडीनं पट्टी आणून दिली. मिस्त्रींनी खिळ्यावरची निळी पट्टीही काढली, दोन्ही शेजारी धरल्या, खालची टोकं जुळवली आणि अंगठ्यानं खाचा चाचपल्या. पहिली पहिलीला लागली. दुसरी दुसरीला. तिसरीत केसाचाही फरक नव्हता.

"म्हणजे तू गेलाच नाहीस."

"गेलो होतो."

"कुठपर्यंत?"

काडी नखानं बाकावरचा सरस खरवडत राहिला.

"गेला नाहीस, आणि निळी समोर ठेवून तीच उतरवून काढलीस."

झालं. एवढा वेळ पोरगं बरं उभं होतं. 'उतरवून काढलीस' हे ऐकलं मात्र, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. उगाच नाही त्याला शाळेत काडीपेटी म्हणायचे. पुढं पेटी गेली आणि काडी राहिली, पण घासली की पेटायचं काम तेच.

"मी कुणाचं काही उतरवत नाही." शेजारचा रंधा उचलून त्यानं असा आपटला की टेबलावरचे खिळे उडाले. "निळीला हातसुद्धा लावला नाही मी. सोमवारी गेटपर्यंत गेलो. आत नाही गेलो. समोरच्या कट्ट्यावर बसलो, डोळे मिटले आणि बाक किती असतो ते आठवलं. गुडघ्याशी किती, कोपराशी किती. तशा खाचा पाडल्या. मला वाटलं बाक तो बाक."

दोन्ही पट्ट्यांवरून मिस्त्रींचा अंगठा वरखाली फिरत होता. डोळे मिटून मारलेली खाच इतकी बिनचूक बसावी, हे चाळीस वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं.

"टेम्पोत कॉलेजचं कपाट चाललंय," ते शेवटी म्हणाले. आवाजातली धार गेली होती. "त्याच्यासोबत जा. ही कोरी पट्टी घे. आणि या वेळी डोळे उघडे ठेव. टेम्पोवाला अर्धा तास थांबेल, जास्त नाही."

"मी नाही जाणार. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरा कोण आहे इथे? मांजर?"

काडी का जात नव्हता हे मिस्त्रींना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याची जुळी बहीण त्या कॉलेजात होती. अंगानं एवढीशी, म्हणून मुंगी. काडी तिच्यापेक्षा वीस मिनिटांनी मोठा, आणि त्या वीस मिनिटांचा तोरा त्यानं जन्मभर मिरवला. पाचवी ते दहावी दोघं एका बाकावर. तो डावीकडे, ती उजवीकडे, दप्तरं मध्ये. शिकवलेलं दोघं मिळून ऐकायची, घरी मिळून करायची, चुकायचीही मिळून. दहावीच्या चाचणीत गणिताच्या एका उदाहरणात दोघांनी एकाच ओळीवर एकच चूक केली, आणि सर दोन्ही पेपर हातात धरून बाकापाशी येऊन उभे राहिले. कुणी कुणाचं उतरवलं? विचारलं मुंगीला. ती उभी राहिली. ओठ हलले, आवाज काही येईना. मग काडी उठला. उत्तर द्यायचं सोडून त्यानं सरांच्या हातातले दोन्ही पेपर ओढले आणि टराटरा फाडले, वर चार शब्द सुनावले. माफी माग आणि वर्गात बस, असा निरोप आठवडाभर घरी येत होता. आई हात जोडून थकली. ज्याची चूकच नाही त्यानं माफी कशाला मागायची, हे याचं पालुपद. शाळा सोडून सरळ मिस्त्रींच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला दीड वर्ष झालं. मुंगी दहावी होऊन कॉलेजात गेली.

तेव्हापासून मुंगी रोज दुपारी दोनला कारखान्यात यायची. मागच्या पत्र्याच्या सावलीत, लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या ढिगावर, दोघं डबा खायची. काडी विचारायचा, "आज काय झालं?" ती म्हणायची, "काय होणार. कॉलेज म्हणजे शाळाच रे. फक्त घंटा नाही. सर येतात, बोलतात, जातात. कुणाला कुणाचं नाव माहीत नाही." तो म्हणायचा, "मग मजा नाही?" ती म्हणायची, "छे." आणि काडीला घास गोड लागायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं, जीव गेला तरी नाही, पण लागायचा.

टेम्पो निघाला. मागे कपाट आडवं बांधलेलं, त्याच्या दाराची किल्ली सुतळीनं काडीच्या मनगटाला.

कॉलेजचं गेट सताड उघडं होतं. पहिला राग त्याला त्या गेटचाच आला. शाळेत कसं, एक मिनिट उशीर झाला तरी शिपाईकाका दाराशी कान धरायला हजर. इथे कुणीही या, कुणीही जा. शर्टावर लाकडाचा भुसा, कानाला पेन्सिल, हातात चार फुटी पट्टी, तरी एकानं हटकलं नाही. कपाट ऑफिसात उतरवलं, टेम्पोवाला विडी ओढायला गेटबाहेर गेला, आणि काडी वर्ग शोधत जिन्यानं वर गेला.

पहिल्या मजल्यावर एक वर्ग रिकामा होता. लांबलचक बाक, चौघं बसतील एवढे. त्यानं पट्टी उभी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. बसायची फळी त्याच्या पहिल्या पट्टीवरच्या खाचेपेक्षा चार बोटं वर. लिहायची पाच. पाय ठेवायला दांडीच नव्हती. तीन वेळा वाकून बघितलं, नव्हतीच. शाळेतल्या बाकाला दांडी होती, आणि तिच्यावर मुंगीचे पाय कसेबसे पोचायचे. इथे ती पाय कुठं ठेवत असेल?

तो बसला. नुसतं माप खरं आहे का ते बघायला. कोपर फळीवर ठेवलं, बरोबर बसलं. पाठ टेकली. समोर फळा, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं गणित. शेवटच्या दोन ओळी शिल्लक होत्या. वरचं काय असेल, याचा विचार त्याचं डोकं आपोआप करायला लागलं.

दारातून एका मुलानं डोकं आत घातलं. "सर आले का रे?"

काडीनं पट्टी मांडीवर आडवी घेतली. "येतायत," तो म्हणाला.

"मग मी पाणी पिऊन आलोच. जागा धर."

मुलानं आपली वही काडीशेजारी टाकली आणि तो गेला. काडी त्या वहीकडे बघत राहिला. अख्ख्या दीड वर्षात त्याला कुणी जागा धरायला सांगितलं नव्हतं. त्यानं वही नीट सरळ केली, कडेला समांतर, गुण्या लावल्यासारखी काटकोनात. मग उठला, वही तिथंच ठेवली आणि वर्गातून असा निघाला की जणू चोरी करून चाललाय.

जिन्याच्या वळणावर काचेची पेटी होती, आत हातानं लिहिलेले कागद टाचलेले. काडी थांबला नसताच. पण तिसऱ्या कागदावरचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. 'र' ची शेपटी लांब ओढायची सवय त्यानंच तिला लावली होती. वर लिहिलं होतं, 'शाळा आणि कॉलेज'. खाली मुंगीचं नाव.

त्यानं वाचायला सुरुवात केली.

"शाळेत घंटा व्हायची. घंटा झाली की बसायचं, घंटा झाली की उठायचं, भूकसुद्धा घंटेनं लागायची. कॉलेजात घंटा नाही. घड्याळ आहे, ते ज्याचं त्यानं बघायचं. शाळेत मी आजारी पडले की अख्ख्या वर्गाला कळायचं. इथे मी दोन दिवस आले नाही तर माझ्या जागेलाच काय ते कळलं. पहिला महिना मी 'ती खिडकीतली' होते. शाळेत बाकावर दोघं बसायचे, इथे चौघं बसतात, तरी इथलाच बाक रिकामा वाटायचा.

शाळेत मला बोलावं लागलंच नाही. मला कुणी काही विचारलं की उत्तर शेजारून यायचं. भांडण माझं असलं तरी भांडायचा भाऊ. मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत तो ते बोलून, वर दोन शिव्या घालून मोकळा. मला वाटायचं, माझा स्वभावच गप्प. इथे सरांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा मी सवयीनं डावीकडे बघितलं. डावीकडे माझी पिशवी होती. मग मलाच बोलावं लागलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

आता येतो. मला तो आवडायलाही लागलाय, आणि हे लिहिताना बरं वाटत नाही. कारण हा आवाज मला दीड वर्षापूर्वी हवा होता, एका वाक्यापुरता. 'सर, आम्ही दोघं एकत्र अभ्यास करतो.' एवढंच वाक्य. ते मी बोलले असते, तर आज डावीकडे पिशवी नसती."

काडीनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. बहिणीच्या गप्प बसण्याबद्दल त्यानं दीड वर्षात एकदाही विचार केला नव्हता. ती गप्प बसणारच. पाणी ओलं असणारच, तसं.

मनात राग शोधला. सापडेना. नेहमी हाताशी असायचा, आज कुठं गेला कोण जाणे.

"जरा सरक, कुलूप काढू दे." शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले होते. त्यांनी काच उघडली आणि एक यादी काढायला हात घातला. "वाचलंस का हे? सगळे वाचतात. एवढीशी पोरगी आहे, पण बोलायला लागली की मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं."

"ही?" काडी म्हणाला. "ही बोलते?"

"सरांनी वादविवादाला घेतली होती तिला. पाच जणांत. दुसऱ्या कॉलेजांत जाऊन भांडायचं, ते. भांडणाला बक्षीस असतं, काय दिवस आलेत." त्यांनी यादी दाखवली. 'सराव रोज दुपारी दोन ते चार.' पाच नावं. चौथ्या नावावर आडवी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. "तिनंच मारली. सर तीनदा म्हणाले, विचार कर. तिचं एकच, दोन वाजता घरी काम असतं. आज नावं जायची आहेत. आता तिच्या जागी कोण ते सर लिहितील."

दोन वाजता घरी काम. पत्र्याची सावली, लाकडाचे तुकडे, एक डबा.

"मामा, ती यादी पाच मिनिटं राहू द्या," काडी म्हणाला. "कुठं असेल ती?"

शोधायला लागलं नाही. जिन्याच्या वर चारपाच पोरींचा घोळका खिदळत येत होता, आणि सगळ्यांत मोठा आवाज मधल्या सगळ्यांत बुटकीचा. हातवारे करून ती काहीतरी सांगत होती, बाकीच्या एकमेकींवर पडत होत्या. काडीनं हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. तिनं त्याला बघितलं आणि वाक्य अर्ध्यात तुटलं.

"तुम्ही व्हा पुढं," ती मैत्रिणींना म्हणाली. खाली आली. दोन पायऱ्या वरच थांबली, म्हणजे तोंडं समोरासमोर आली. "तू इथे काय करतोयस?"

"बाक मापायला आलोय."

"सोमवारीच मापलास ना?"

"मापला. कमी भरला."

तिची नजर काचेच्या पेटीवर गेली, तिथून त्याच्या तोंडावर. "वाचलंस."

"अक्षर घाण झालंय तुझं."

"बाकीचं?"

"बाकीचं ठीक. एक चूक आहे." तो पट्टीच्या टोकाशी चाळा करत होता. "तू बोलली असतीस ना, तरी मी पेपर फाडलाच असता. सर बाकापाशी आले तेव्हाच माझा हात उठला होता. तुझं वाक्य पोचलंच नसतं. उगाच भिंतीवर लावून ठेवलंयस."

हे खरं होतं का, त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. पण बोलून झालं, आणि बोललेलं बरं वाटलं.

मुंगीनं खालचा ओठ दातात धरला. "खोटं बोलतोयस."

"खोटं कोण बोलतंय? छे म्हणे. मजा नाही म्हणे. कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. आता त्या चार जणी काय तुला नंबरानं हाक मारत होत्या?"

"खरं सांगितलं असतं तर तू डबा खाल्ला असतास?"

पोरगी खरंच बोलायला शिकली होती.

"मी काय आजारी आहे?" काडी म्हणाला. "दोन वाजता येऊन बसायला? मला घास भरवावा लागतो?"

"मी तुझ्यासाठी नाही येत. तिथे सावली असते."

"इथे काय ऊन लागतं वर्गात?"

ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "कमी भरला म्हणजे किती?"

"चार बोटं."

"चार बोटं चुकलास? तू?"

"डोळे मिटून केला. शाळेतला बाक आठवून." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "मिस्त्रींनी निळी पट्टी लावली. तिन्ही खाचा जुळल्या."

मुंगीचा हात पुढं आला आणि नव्या पट्टीवरची पेन्सिलीची खूण चाचपू लागला, जणू तिथे आधीच खाच होती. "दांडीपण लावलीस? पाय ठेवायची?"

"लावली."

"इथल्यांना दांडी नाही रे. माझे पाय दिवसभर लोंबकळत असतात."

"बघितलं. सांगतो मिस्त्रींना. नव्यांना लावू."

"आणि तो लहान बाक? तो मोडणार?"

"मोडायचं कशाला, लाकूड चांगलं आहे. पाय नवे लावायचे, उंच. वरचं तसंच राहील." त्यानं कानामागची सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि तिच्यापुढं धरली. "जा. नाव लिही परत. शिपाईमामा खोळंबलेत."

"आणि तू दोन वाजता काय करशील?"

"झोपेन."

"मिस्त्री झोपू देतील?"

"तू लिही आधी."

तिनं पेन्सिल घेतली. रेघेच्या वर जागा थोडी होती, पेन्सिल जाड, त्यामुळे नाव बाकीच्या चारांपेक्षा ठळक आणि वेडंवाकडं आलं. 'र' ची शेपटी खालच्या नावात घुसली. शिपाईमामांनी यादी उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि ते ऑफिसकडे गेले.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. एकदा, मग लांबलचक.

"पेन्सिल राहू दे," काडी म्हणाला. "माझ्याकडे आहेत."

"ऐक ना. बाक द्यायला तू येशील? वीसच्या वीस?" मुंगी दोन पायऱ्या उतरून खाली आली, आणि पुन्हा त्याच्या खांद्याएवढी झाली. "त्या दिवशी वर्गात जरा वेळ बस. मी डावीकडची पिशवी काढते. कुणी काही विचारत नाही इथे. बसशील?"

काडीच्या डोळ्यांसमोर फळ्यावरचं ते अर्धवट पुसलेलं गणित आलं, आणि सरळ करून ठेवलेली वही. वरच्या ओळीत काय असणार, ते त्याला आत्ता, या क्षणी, कळलं होतं. तिला सांगावंसं वाटलं. खूप काही सांगावंसं वाटलं.

भोंगा पुन्हा वाजला.

"मला निघायला हवं आता," तो म्हणाला.